नलिनीताईंचा डावा गुडघा

शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लग्नाच्या पंगतीत कुणी हौसेने शेजारी बसवून घेत नाही. "तुम्ही म्हणजे त्या... मेलेल्यांवर शिकवता ना?" एवढं विचारून झालं की शेजारीण आपलं ताट हलकेच पलीकडे सरकवते. मी उभी हयात पुण्यातल्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात हेच शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मॅडम, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार होते तेवढे मी निरोपाच्या भाषणात संपवले. हा राहिला होता.

आधी आमचं काम सांगते. पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदनाच्या हॉलमध्ये येतात, देहासमोर हात जोडून शपथ घेतात, दोघीतिघींना चक्कर येते. महिन्याभरात तीच मुलं त्याच देहाच्या पायांना टेकून मोबाईल बघत उभी असतात. परीक्षेला येतं तेवढं ती शोधतात, बाकीचं बादलीत टाकतात. बादली हा शब्द मी मुद्दाम लिहिला. देहातून काढलेलं सगळं त्या त्या टेबलाखालच्या बादलीत ठेवायचं आणि शेवटी देहाबरोबर अंत्यसंस्काराला द्यायचं, अशी रीत आहे. माझ्या नोकरीच्या अखेरीला कॉलेजने टेबलाएवढा एक स्क्रीन विकत घेतला. त्यावर बोट फिरवलं की कातडी निघते, पुन्हा फिरवलं की परत येते. पाहुणे आले की त्यांना आधी तिकडे नेतात. खऱ्या देहांकडे न्यायचं तर वास येतो.

आता गुडघा. गुडघ्यावर हात ठेवलात तर जे गोल हाड हाताला लागतं ती वाटी. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक पन्हळ असते. पाय वाकवला की वाटी त्या पन्हळीत बसते आणि वरखाली सरकते. पण पाय सरळ असताना, किंवा नुकता वाकायला लागलेला असताना, वाटी पन्हळीच्या वर मोकळी असते. मांडीचा स्नायू तिला वर आणि थोडं बाहेरच्या बाजूला ओढत असतो. त्या क्षणी ती बाहेर निसटू नये म्हणून तिला आतल्या बाजूने धरून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे एक पट्टी, एक लिगामेंट. वाटीच्या आतल्या कडेला ती पंख्यासारखी रुंद असते, मागे जाताना निमुळती होते आणि मांडीच्या हाडावर एका उंचवट्याजवळ चिकटते. साडीच्या फॉलची पट्टी डोळ्यासमोर आणा, जवळपास तेवढीच जाड. मी शिकले त्या पुस्तकांत तिला धड नावही नव्हतं. मांडीच्या आतल्या स्नायूखाली ती दडलेली असते. स्नायू घाईने उचलला तर त्याच्याबरोबर निघून येते आणि आपण काय काढलं हे कळतही नाही. गुडघा उघडायची नेहमीची चीर तर वाटीच्या आतल्या कडेने, थेट तिच्यातूनच जाते.

नलिनीताई वडके माझ्याकडे आल्या तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. कसबा पेठेत यजमानांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि स्वतः मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या.

"देहदान करायचंय," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे."

"देहदानाला अट घालता येत नाही हो."

"मग विनंती समजा. माझा डावा गुडघा तुम्ही स्वतः उघडायचा. मुलांना द्यायचा नाही. आणि आत काय निघालं ते माझ्या घरी सांगायचं."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या शाळेत असताना खो-खो खेळायच्या. खो मिळाला की उकिडव्या बसलेल्या मुलीने एका झटक्यात उठायचं आणि वळायचं. एकदा त्या वळण्यात त्यांची वाटी निसटली आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसली. त्या किंचाळून खाली पडल्या. पाय सरळ झाला आणि वाटी आपोआप जागेवर गेली. बाई धावत येईपर्यंत सगळं जिथल्या तिथे होतं. बाई म्हणाल्या, हरायला लागलो की बरं पडायला होतं.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. लग्न होऊन कसब्यात आल्या तेव्हा खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी खाली. जिन्याच्या वळणावर कळशीसकट पडल्या. डॉक्टरांनी एक्सरेचा फोटो काढला, स्वच्छ आला. पुन्हा पडल्या, पुन्हा फोटो, पुन्हा स्वच्छ. एकाने कॅल्शियम दिलं, एकाने वजन कमी करायला सांगितलं. तेव्हा त्यांचं वजन शेहेचाळीस किलो होतं.

"आमचे हे डॉक्टरांना म्हणाले, 'गुडघा राहू द्या, जरा डोकं तपासून बघा.' सगळे हसले. डॉक्टरपण." नलिनीताई स्वतःही हसल्या. "पुढे तो आमच्या घरातला विनोदच झाला. पाहुणे आले आणि मी उठताना थांबले की हे म्हणायचे, 'आमच्याकडे रोज प्रयोग असतो. प्रवेश मोफत.'"

मी जिवंत माणसांची डॉक्टर नाही. तरी त्यांचा पाय सरळ ठेवून वाटीवर दोन्ही अंगठे टेकवले आणि अगदी हलकेच बाहेरच्या बाजूला रेटलं. त्यांनी तत्क्षणी माझं मनगट पकडलं. चेहरा पांढरा पडला. असं मनगट कुणी ठरवून पकडत नाही.

"ताई, आता एमआरआय असतो. त्यात पट्टी दिसते. मी चांगल्या सर्जनचं नाव देते."

"आणि तोही स्वच्छ आला तर?" त्यांनी पदर नीट केला. "मॅडम, मला बरं व्हायचं नाहीये आता. फक्त खरं ठरायचंय."

मी हो म्हटलं.

चार-पाच वर्षांनी त्या गेल्या. घरातल्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणातून उठल्याच नाहीत. देह घेऊन त्यांची मुलगी माधुरी आणि यजमान आले. वडकेकाका उंच, सडसडीत, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "याची पावती मिळते का?" माधुरीने मान फिरवली.

पुण्यातली माणसं दुःखातही अशी बोलतात, हे मला ठाऊक होतं. मी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

देहावर प्रक्रिया करून तो वापरायला घ्यायला काही महिने जातात. मी डाव्या गुडघ्याला पांढरी पट्टी बांधली, त्यावर चिठ्ठी अडकवली: 'या गुडघ्याला हात लावू नये', खाली माझी सही. विभागप्रमुखांना तोंडीही सांगितलं. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि फार गोड बोलणारे. "शुअर मॅडम, तुमचा प्रोजेक्ट." मी म्हटलं, प्रोजेक्ट नाही, शब्द दिलाय. ते म्हणाले, "सेम थिंग."

मग मी परीक्षक म्हणून सोलापूरला गेले.

परत आले तेव्हा हॉलबाहेर कंपनीचे मोठे फलक गुंडाळून ठेवलेले होते. आदल्या दिवशी गुडघेबदल शस्त्रक्रियेची कार्यशाळा झाली होती. ज्या कंपनीचे कृत्रिम सांधे, तिचंच जेवण, तिच्याच पिशव्या. गावोगावचे सर्जन आले होते, देहांवर सराव करून, फोटो काढून गेले होते.

नलिनीताईंच्या डाव्या गुडघ्यावर वरपासून खालपर्यंत चीर होती. वाटीच्या आतल्या कडेने, नेहमीची. कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून आतल्या बाजूचं सगळं मऊ कापून साफ केलेलं होतं. मांडीच्या हाडाचं टोक करवतीने चौकोनी केलेलं. सरावासाठी बसवलेला धातूचा सांधा कंपनीने काढून परत नेला होता. जिवंतपणी ज्या गुडघ्याला कुणी साधी पट्टी बांधली नाही, तो मेल्यावर बदलून झाला होता.

मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

"मॅडम, सांधे लवचीक असलेला देह हवा होता. तोच एक बरा होता."

"त्यावर माझी चिठ्ठी होती."

"होती ना. पण कारण लिहिलेलं नव्हतं."

"कारण मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अहो मॅडम, त्यांनी देह शिक्षणासाठीच दिला होता ना? मग हे शिक्षणच झालं." त्यांनी माझ्यासमोर कंपनीची एक पिशवी ठेवली. "तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. आत छान डायरी आहे."

ते चुकीचं काहीच बोलत नव्हते, हेच मला सहन झालं नाही. नियमात सगळं बसत होतं. मी अधिष्ठात्यांकडे तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निवृत्तीला किती दिवस राहिले ते विचारलं.

हॉलमध्ये परत येऊन मी हातमोजे घातले आणि बादली पालथी केली. कार्यशाळेत एका टेबलावर दोन्ही गुडघे झाले होते. सगळं एकात एक मिसळलेलं. चरबी, सांध्याचं आवरण, स्नायूचे तुकडे. फॉलच्या पट्टीएवढं काहीतरी त्यात शोधायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं, तरी मी दुपारभर शोधत बसले. पट्टी मिळाली नाही. कापलेल्या हाडांचे तुकडे मात्र मिळाले. ते मी टेबलावर जुळवले. उजव्या मांडीच्या हाडावर पन्हळ होती, उथळ पण होती. डाव्यावर नव्हतीच. पोळपाटासारखं सपाट. वाटीच्या पाठीची गुळगुळीत कूर्चा एका बाजूने पार घासून गेलेली.

काही माणसं असं हाड घेऊनच जन्माला येतात. त्यांच्या वाटीला बसायला जागाच नसते, सगळा भार त्या एका पट्टीवर येतो. ती एकदा फाटली की संपलं. नलिनीताईंची पट्टी फाटलेली होती का, सैल पडलेली होती का, हे मी आता सांगू शकत नव्हते. त्या खोटं बोलत नव्हत्या, एवढं सांगू शकत होते.

मी माधुरीला फोन करणार, तोच वडकेकाका स्वतःच आले. हातात कापडी पिशवी. खुर्चीवर ताठ बसले.

"ही सांगून गेली होती, तुम्ही बघणार म्हणून. बघितलंत?"

मी सगळं खरं सांगितलं. कार्यशाळेचंही.

"म्हणजे तिथेही तिचं राहिलंच," ते म्हणाले.

"पट्टीचं राहिलं. पण हाडाने पुरेसं सांगितलंय. काका, तुमच्या पत्नीची वाटी खरोखर निसटत होती. ते नाटक नव्हतं."

"ते मला माहीत आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहीत झालं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "जिन्यात ती पडली तेव्हा मी वरून उतरत होतो. वाटी पार बाजूला गेलेली मी या डोळ्यांनी बघितली. तिने पाय सरळ केला, टक्कन आवाज आला आणि आत गेली."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? तुमच्या एका वाक्यावर सगळं बदललं असतं."

"घरात आई, दोन बहिणी, दुकानातले कामगार जेवायला. खरं म्हटलं असतं तर पाणी कुणी भरायचं? ती खाली बसणार नाही, जिना चढणार नाही, मग आई म्हणणार पांगळी करून आणलीस. फोटो स्वच्छ आला, बरंच झालं. नाटक म्हटलं की विषय संपायचा."

"आणि नंतर? आई गेल्यावर, बहिणींची लग्नं झाल्यावर?"

"नंतर सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आधी का नाही. म्हणून राहिलं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसं आतून पाहिली. तरी समोर बसलेल्या माणसाकडे कसं बघावं, ते मला त्या दिवशी कळेना. मी उठून पंखा वाढवला.

"आज कशाला आलात मग?"

"नात," ते म्हणाले. माधुरीची मुलगी ईशा, चौदा वर्षांची. दोन महिन्यांत शाळेत तीनदा पडली. वाटी निसटते म्हणते. एक्सरे स्वच्छ. बाप ऐकत नाही. "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"तुम्ही का नाही सांगत?"

त्यांनी कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मी येते," मी म्हटलं. "पण तुम्हीही तिथे बसायचं."

माधुरीचं घर हडपसरला, सासरच्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. तिचे यजमान विकास यांचा बांधकामाच्या सामानाचा व्यवसाय. माणूस आदबशीर. मला पाणी दिलं, सोफ्यावर बसवलं. ईशा पाय लांब करून बसली होती. माझा हात वाटीजवळ गेला मात्र, तिने माझं मनगट पकडलं.

मी त्यांना एक्सरेत काय दिसतं आणि काय दिसत नाही ते समजावलं. मग म्हटलं, "हिच्या आजीचा गुडघा मी आतून बघितलाय. हाडाची ही ठेवण घराण्यात उतरू शकते. एमआरआय करा आणि गुडघ्याच्या सर्जनला दाखवा. उशीर करू नका."

विकास नम्रपणे हसले. "मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, पण एक बोलू का? पोरगी परीक्षा जवळ आली की पडती. एक्सरे क्लिअर हाय. आजीवर गेलीय, दुसरं काय. सासूबाईंचं नाटक असायचं, हे आम्ही म्हणत नाही. आमचे सासरेच म्हणायचे. काय पप्पा?"

सगळ्यांनी वडकेकाकांकडे पाहिलं. माधुरी चहाचे कप ठेवत होती. एक त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर ठेवून ती तशीच वाकलेली थांबली.

"म्हणायचो," काका म्हणाले.

"बघा."

"म्हणायचो, पण तसं नव्हतं. मी बघितली होती वाटी बाहेर आलेली. एकदा नाही, खूपदा."

ईशाने विचारलं, "आजोबा, म्हणजे आजीला सेम होतं? आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

माधुरी सरळ झाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "शेवटी ती न्हाणीघराच्या दारात पडली आणि म्हणाली, वाटी गेली गं. तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. काय म्हणालात आठवतंय?"

काकांनी मान हलवली.

"'तिसरा अंक सुरू झाला वाटतं.' असं म्हणालात. आणि मी हसले, पप्पा. खुबा मोडलेला होता तिचा आणि मी हसले. मला लहानपणापासून तुम्ही हसायला शिकवलंत."

विकास उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले. माधुरीने वडिलांसमोरचा कप उचलला. भरलेला होता, वर सायही धरली नव्हती. तो तसाच आत नेऊन तिने मोरीत ओतला. आवाज बाहेर ऐकू आला.

लिफ्टमधून आम्ही दोघं उतरलो. खाली रिक्षा मिळेपर्यंत काका माझ्या शेजारी उभे होते. समजूत घालण्याचा तो प्रसंग नव्हता आणि रागवायचा माझा हक्क नव्हता. तो हक्क जिचा होता, तिचं जे काही उरलं होतं ते आम्ही त्याच आठवड्यात वैकुंठ स्मशानभूमीत नेऊन पोचवलं होतं.

एमआरआयमध्ये ईशाची पट्टी फाटलेली दिसली. मांडीच्या मागच्या एका स्नायूचा दोरीसारखा शेवट काढून सर्जनने तिची नवी पट्टी तयार केली आणि वाटीला बांधली. विकास तिला व्यायामाला स्वतः गाडीतून नेतात, आणि व्यायाम घेणाऱ्या ताईंना दर वेळी सांगतात, "हळू घ्या, तिला खरंच दुखतं." 'खरंच' या शब्दावर ते इतका जोर देतात की ईशा वैतागते.

नलिनीताईंच्या शाळेतल्या बाई, ते हसणारे डॉक्टर, जिन्यावरचे शेजारी, यांच्यातल्या कुणाला काहीही कळलं नाही. कळवायचं कुणाला आणि कशाला? विभागप्रमुख आता अधिष्ठाता झालेत. कार्यशाळा दरवर्षी होते.

वडकेकाका अजून कसब्यात एकटे राहतात. मुलीकडे त्यांचा फोन कुणी उचलत नाही. मग ते मला करतात, साधारण आठवड्याला एकदा. ईशाचं कसं आहे, एवढंच विचारतात. मी माधुरीला विचारून ठेवलेलं असतं, ते सांगते. गुडघा किती वाकतो, जिना चढते का, शाळेत जायला लागली का. ते 'बरं' म्हणतात. मीही जास्त काही बोलत नाही.

मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "दुखतं म्हणते का?"

"हो," मी म्हटलं. "रात्री दुखतं म्हणते."

"मग दुखतच असणार," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.